तक्त्याची दुसरी बाजू

काकांना आजवर एकाही ड्रायव्हरने फसवलं नव्हतं, आणि हे ते कुणी न विचारताही सांगत. त्यांचं चष्म्याचं दुकान बसच्या आगाराला लागून होतं. परवान्यासाठी डोळे तपासल्याचा दाखला लागतो, म्हणून ड्रायव्हर मंडळी त्यांच्याकडे येत. त्यातले निम्मे जण बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता घोकून घेत आणि मगच खुर्चीत येऊन बसत. काका त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत खुशाल वाचू देत. मग सावकाश उठत, खिळ्यावरचा तक्ता काढत आणि उलटा करून पुन्हा टांगत. मागच्या बाजूला दुसरीच अक्षरं होती. "आता वाचा," असं ते म्हणाले की भल्याभल्यांची बोबडी वळायची. "माझ्याकडे पाठांतर चालत नाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पस्तीस वर्षांत तो तक्ता त्यांनी किती वेळा उलटला असेल त्याची गणती नाही. फक्त एकदा उलटायचा राहिला, आणि तोही घरच्याच माणसासाठी.

घरचं माणूस म्हणजे काकू. दुकान झाडायचं, काचा पुसायच्या, तक्त्यावरून रोज सकाळी ओलं फडकं फिरवायचं, हे पस्तीस वर्षं त्यांचं काम. साठी जवळ आली तरी लांबचा चष्मा त्यांना लागला नव्हता, आणि काकांना त्याचा कोण अभिमान! गिऱ्हाईक बसलेलं असलं की ते मुद्दाम हाक मारायचे, "अगं, ती समोरची बस कुठली गं?" काकू आतून मान काढून पाटी वाचायच्या. "बघा!" काका म्हणायचे, जणू तिचे डोळे त्यांनीच घडवले होते. आगारातला एक वात्रट ड्रायव्हर एकदा म्हणाला होता, "काका, घरातलं एक गिऱ्हाईक तुम्हाला मिळवता आलं नाही, आणि आम्हाला काय चष्मे विकता?" त्यावर सगळ्यात जास्त काकूच हसल्या होत्या.

लेकीबरोबर समुद्राकाठी सुट्टीला गेले त्याच्या दोन महिने आधी, एका संध्याकाळी दुकान बंद करताना काकू म्हणाल्या, "अहो, मला हल्ली जरा पुसट दिसतंय."

काकांच्या हातात कुलूप होतं. ते खाली न ठेवताच त्यांनी काकूंना खुर्चीत बसवलं, एकेक डोळा झाकायला लावला आणि म्हणाले, "वाच." काकूंनी घडाघडा वाचलं. पहिल्या ओळीतल्या मोठ्या 'ट'पासून शेवटच्या ओळीतल्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत. काका हसले. "ठणठणीत आहेत तुझे डोळे. झोप पुरी होत नाही तुझी, बाकी काही नाही." आणि त्यांनी दाराला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी हा किस्सा त्यांनी आगारात चार जणांना रंगवून सांगितला.

खुर्चीतून उठता उठताच काकूंना कळून चुकलं होतं की आपण वाचलं नाही, म्हणून दाखवलं. डोळ्यांच्या आधी तोंडच धावलं होतं. पण हे सांगायचं कसं? ज्या माणसाला एकाही ड्रायव्हरने फसवलं नाही त्याला आपण फसवलं, आणि आता तर अख्ख्या आगाराला आपल्या डोळ्यांची कथा ठाऊक झालेली. शिवाय डोळ्यांच्या बाबतीत त्या घरात शेवटचा शब्द काकांचा असायचा. त्यांनी ठणठणीत म्हटलं म्हणजे ठणठणीत. काकू गप्प बसल्या, आणि दोन महिन्यांत पुसट होतं ते आणखी पुसट झालं.

हे सगळं काकांना फार पुढे कळलं. कळल्यापासून ते त्या सुट्टीतला एक दिवस उगाळत बसलेत. रात्री जेवताना, दुकानात फ्रेम पुसताना, न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसल्यावरसुद्धा. तो दिवस असा.

समुद्राकाठच्या एका गावात लेकीने आठवडाभरासाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. जावयाला रजा मिळाली नव्हती, म्हणून लेक, तिची सात वर्षांची पिटुकली, काका आणि काकू असे चौघेच आले होते. हे गाव काकाकाकूंना नवीन नव्हतं. लग्न झाल्याझाल्या ते इथेच आले होते. तेव्हा टेकडीवरच्या दीपगृहाला रंग देणं चाललं होतं आणि वर जायला बंदी होती. "पुढच्या वेळी नक्की," असं काका तेव्हा म्हणाले होते. पुढची वेळ यायला पस्तीस वर्षं लागली.

चौथ्या दिवशी कुठे जायचं नाही असं आधीच ठरलेलं. लेक कपडे धुणार होती आणि काका घरमालकाच्या तीन जुन्या चष्म्यांच्या काड्या बसवून देणार होते. सुट्टीवरसुद्धा त्यांच्या शर्टाच्या खिशात बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर आणि डबीभर स्क्रू असायचे. खोड असते एकेकाची.

सकाळच्या चहाला काकू एकाएकी म्हणाल्या, "आज धुणं नको आणि स्वयंपाकही नको. सगळे बाहेर पडू. दिवसभर फिरू, बाहेरच जेवू."

लेक बघतच राहिली. जी आई प्रवासाला निघताना दहा माणसांचा डबा बरोबर घेते, ती बाहेर जेवू म्हणतेय! "आई, तुला बरं आहे ना?"

"बरं आहे म्हणूनच म्हणतेय. आज फक्त बघायचं."

"काय बघायचं?" काकांनी विचारलं.

"जे दिसेल ते," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि शेवटी दीपगृह. पस्तीस वर्षांची उधारी आहे तुमची."

काकूंनी मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं. खोल्या दोनच आणि भिंती पातळ, लेकीच्या कानावर आधी पडलं की ती रडून गोंधळ घालणार. रस्त्यात पोरगी बरोबर. दीपगृहाच्या वर गेल्यावर काकांना जरा बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, की अहो, मी त्या दिवशी वाचलं नव्हतं. तिथे वर दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, की आगारातली माणसं नाहीत. तिथे ते ऐकतील. इतका साधा हिशेब होता बाईंचा.

बस थांब्यावर काका सवयीने म्हणाले, "वाच गं पाटी. तुझं खातं ते."

"आज पाटी वाचायचीच नाही," काकू म्हणाल्या. "पहिली येईल तिच्यात बसायचं. कुठे नेते ते बघू."

पिटुकलीने टाळ्या वाजवल्या. म्हातारपणी ही बया पोर झाली, असं काकांना वाटलं आणि त्यांना गंमत वाटली. वाटायला नको होती. पस्तीस वर्षं पाट्या वाचणाऱ्या बाईने एक पाटी सोडली, आणि ज्याचा धंदाच डोळ्यांचा तो हसला.

बसने त्यांना जुन्या बंदराजवळ सोडलं. तिथे दगडी कमानींखाली दुकानं होती, मधल्या चौकात कारंजं होतं आणि पलीकडे मत्स्यालय. काकू प्रत्येक दुकानासमोर थांबत होत्या. कापडाला हात लावायच्या, फुलदाण्या उचलून नाकाशी नेऊन बघायच्या. टोपल्यांच्या दुकानात तर इतका वेळ गेला की काका म्हणाले, "अगं, टोपलीच ती. तिचं काय लग्न ठरवायचंय?" काकू म्हणाल्या, "बघू द्या हो." दिवसभरात त्या हे दोन शब्द निदान दहा वेळा म्हणाल्या असतील. काकांना ते आता सगळे ऐकू येतात. तेव्हा एकही आला नव्हता.

मत्स्यालयात निळा उजेड होता. काकू एका मोठ्या टाकीला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या आणि पिटुकली त्यांच्या कमरेला चिकटून. "त्याचे डोळे कसे आहेत गं?" काकूंनी विचारलं. "बटणासारखे," पिटुकली म्हणाली. "आणि शेपटी?" "शेपटीला झालर आहे, माझ्या फ्रॉकसारखी." दोघींचं असं चाललं होतं. काका तोवर दाराशी होते. तिथल्या पहारेकऱ्याचा चष्मा नाकावरून घसरत होता, आणि घसरता चष्मा म्हणजे काकांना रस्त्यात पडलेलं तान्हं मूल. त्यांनी तो मागून घेतला, काड्या कानामागे बसतील अशा वाकवल्या आणि परत चढवला. पहारेकऱ्याने मान जोरात हलवून पाहिली. चष्मा जागचा हलला नाही. काका खूष.

बाहेर पडताना पिटुकलीने काकांचं बोट ओढलं. "आजोबा, आजी मला सगळं विचारते. मासा कसा आहे, पाटीवर काय लिहिलंय. ती स्वतः का बघत नाही?"

"तुझी परीक्षा घेते ती," काका म्हणाले. "शाळेला सुट्टी लागली म्हणून अभ्यास सुटला असं समजू नकोस."

पोरीचं समाधान झालं. सात वर्षांच्या पोरीला दिसलं ते काकांनी चिमटीत धरून बाजूला टाकलं. याची चुटपुट त्यांना सगळ्यात जास्त आहे, कारण इथे कुणी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. सरळ, तोंडावर विचारलं होतं.

जेवायला ते एका माडीवरच्या हॉटेलात गेले. खिडकीशी टेबल मिळालं, खाली बंदर, पांढरा टेबलक्लॉथ, सगळा थाट. वेटरने प्रत्येकाच्या हातात मेन्यू दिला. काकूंनी तो उघडला, जरा वेळ धरला आणि मिटून ठेवला. "तुम्ही वाचा. मला ऐकायचंय."

"का? तुझ्या डोळ्यांना काय धाड भरली?" काका म्हणाले. वेटर उभा होता, तेव्हा त्याच्यासाठी पुढचं जरा मोठ्याने. "यांची नजर म्हणजे घार. आगारातल्या बसची पाटी वाचतात दुकानात बसून. आणि मेन्यू नवऱ्याने वाचायचा!"

वेटर हसला. काकूही हसल्या. "वाचा हो. एक दिवस वाचलंत तर काय झिजणार आहात?"

काकांनी पहिली चार नावं कशीबशी वाचली आणि कार्ड लेकीकडे सरकवलं. लेकीने मासे आणि भात मागवला. काकू म्हणाल्या, "तेच मलाही." पाणी ओतताना त्यांचा हात चुकला आणि पाणी ग्लासच्या बाजूने टेबलक्लॉथवर सांडलं. "लक्ष कुठे आहे तुझं?" काका म्हणाले. खरं तर काकूंचं लक्ष त्यांच्याकडेच होतं. पण ते बोलायला लागले की काकू तोंड जरा खिडकीकडे वळवायच्या. सकाळपासून चाललेलं हे काकांना आता खटकायला लागलं होतं. ते आगारातल्या जुन्या मॅनेजरचा किस्सा सांगत होते, चांगला रंगात आला होता, आणि ही बाई खिडकीबाहेर!

"मी इकडे आहे," ते टेबलावर बोट आपटून म्हणाले. "बोलणाऱ्या माणसाकडे बघावं. इतकं कंटाळवाणं बोलतो का मी?"

"ऐकतेय मी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तोंड सरळ केलं. सरळ, काकांच्या चेहऱ्याकडे. आणि समोरचं माणूस उठून गेल्यावर रिकाम्या खुर्चीकडे बघावं, तसा त्यांचा चेहरा झाला. काकांना ते आत्ता समजतं. तेव्हा ते म्हणाले, "हां, असं," आणि किस्सा पुढे सुरू केला. तो संपतासंपता त्यांना गल्ल्यावरच्या बाईंच्या चष्म्याची नाकावरची एक गादी निघालेली दिसली. आइसक्रीम आलं तरी ते तिकडेच होते. काकूंच्या पेल्यातलं आइसक्रीम वितळून गेलं तरी त्या थांबल्या होत्या, सगळ्यांबरोबर खायचं म्हणून.

आता दीपगृह. टेकडी चढून तिथे पोचायला साडेचार झाले. शेवटचा प्रवेश पाचला, आत वळणाचा जिना, एकशे बावन्न पायऱ्या. तिकिटाच्या खिडकीत एक म्हातारा होता. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, आणि त्या बाजूची काच डोळ्यावरून कलंडली होती.

काकूंनी ते पाहिलं नाही. दिसणारच नव्हतं. लेकीने पाहिलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"अहो, काढा तो चष्मा," काका म्हणाले.

"बाबा, आधी वर जाऊन येऊ ना," लेक म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम. तुम्ही व्हा पुढे."

लेक आणि पिटुकली वर गेल्या. काकू पहिल्या पायरीशीच थांबल्या. "तू जा ना," काका स्क्रू शोधता शोधता म्हणाले.

"तुमच्याबरोबर जायचंय मला," काकू म्हणाल्या आणि भिंतीलगतच्या बाकावर बसल्या.

दोरा सोडला तर बिजागरीत जुना स्क्रू तुटून अडकलेला. आता असा स्क्रू म्हणजे काकांना आव्हान. त्यांनी पिन मागितली, तेलाचा थेंब मागितला, म्हाताऱ्याच्या खिडकीत शिरून स्टुलावर बसले. म्हातारा सांगत होता की अहो, सहा महिने झाले, तिकिटावरचे आकडे अंदाजाने लिहितो. "सहा महिने!" काका कळवळून म्हणाले. "डोळ्यांची अशी हेळसांड करू नये माणसाने."

"अहो," काकू बाकावरून म्हणाल्या, "चला ना."

"झालंच."

थोड्या वेळाने पुन्हा. "अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. वर जाऊ आणि बोलू."

"बोल ना, ऐकतोय मी," काका म्हणाले. त्यांच्या दातांत स्क्रू होता.

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. दातांत स्क्रू धरलेल्या माणसाला, तिऱ्हाइताच्या देखत, कुणी सांगेल काय की मला दिसेनासं होतंय? त्या म्हणाल्या, "असं नाही. वर गेल्यावर."

चष्मा झाला तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. काकांनी तो म्हाताऱ्याला घालून पाहायला लावला, मग डावी बाजू जरा वर वाटली म्हणून पुन्हा काढला. तेवढ्यात वरून घंटा झाली आणि दीपगृहाच्या पहारेकऱ्याने साखळी ओढून जिना बंद केला. म्हाताऱ्याने रदबदली केली, पण नियम तो नियम. लेक आणि पिटुकली शेवटच्या लोकांबरोबर खाली आल्या. पिटुकली नुसती नाचत होती. "आजी, वरून नावा मुंग्यांएवढ्या दिसतात!"

काकू बाकावरून उठल्या. काकांना जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळलं की ते आवाज चढवायचे. "आता असं तोंड करू नकोस. पुढच्या वर्षी येऊ. दीपगृह कुठे पळून जातंय?"

"दीपगृह नाही जात पळून," काकू म्हणाल्या.

बस. एवढंच. परतताना त्या पिटुकलीचा हात धरून चालत होत्या. काकांना वाटलं, नात आजीचा हात धरून चाललीय. खरं तर उलटं होतं.

सुट्टी संपली. दुकान उघडलं. काकूंनी पुन्हा विषय काढला नाही. एकदा मनाचा हिय्या करून माणूस तोंड उघडतो, आणि ते ऐकलं गेलं नाही की दुसऱ्यांदा हिय्या होत नाही. तीन महिने गेले.

मग एके सकाळी एक बाई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलगी खुर्चीला बघून भोकाड पसरून रडायला लागली. काकू तक्त्याशेजारचं कपाट पुसत होत्या. काका म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? आमच्या काकू वाचून दाखवतात बघ. बस गं जरा."

काकूंनी फडकं ठेवलं आणि खुर्चीत बसल्या. हात जोडून कविता म्हणावी तशा सरळ बसल्या आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "ट. प, ग. म, ल, ख."

मुलगी रडायची थांबली. तक्त्याकडे बघत म्हणाली, "चूक! तिथे स आहे."

तासाभरापूर्वी एक ड्रायव्हर येऊन गेला होता. काकांनी तक्ता उलटला होता आणि परत सरळ करायचं ते विसरले होते.

काकू पुढे म्हणत होत्या. "च, न, र." मग त्यांनाही ते ऐकू आलं आणि त्या थांबल्या. काका तक्त्याकडे बघत होते. वीतभर उंचीचा 'स'. तो सुद्धा तिला दिसला नव्हता. मुलीची आई उगाचच हसली आणि म्हणाली, "काकूंना पाठ आहे वाटतं." काकांनी त्या दिवशी दुकान सकाळीच बंद केलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रांतून दोन्ही डोळे पाहिले. पडद्याचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसतं, कडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. म्हणून माणसं तोंड फिरवून, बाजूने बघायला शिकतात, त्या म्हणाल्या, कुणी न शिकवता. उजव्याचं आता काही होणार नाही. डाव्यात इंजेक्शनं देऊन बघू, पण फार आशा नको. "तीन महिने आधी आला असतात तर डावा बहुतेक वाचला असता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागदावर धंदा लिहिण्यासाठी काकांना विचारलं, "आपण काय करता?"

काकूंनीच सांगितलं. "यांचं चष्म्याचं दुकान आहे."

घरी आल्यावर काकांनी विचारलं की मला का नाही सांगितलंस. रागाने नव्हे, राग कुठला आता. काकूंनी मग सगळं सांगितलं. बाकावर बसून काय ठरवलं होतं तेही. "तुमचं काम चाललं होतं ना," त्या म्हणाल्या. एवढ्यावर त्यांनी विषय संपवला. भांडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर काकांना बरं वाटलं असतं. पण ते सुख त्यांच्या नशिबात नव्हतं.

पुढच्या सुट्टीची वाट त्यांनी पाहिली नाही. पंधरा दिवसांत दोघंच निघाले, दोन बस बदलून थेट टेकडीच्या पायथ्याशी. साडेतीनलाच पोचले. तिकिटाच्या खिडकीत तोच म्हातारा होता. त्याने काकांना लांबूनच ओळखलं आणि धावत बाहेर आला.

"अहो, तुम्ही! तुमच्यामुळे लख्ख दिसतंय बघा मला. रोज आठवण काढतो. आकडा न आकडा दिसतो." त्याने काकांचे दोन्ही हात धरले.

काकांना वाटलं, धरणी दुभंगावी. काकूंनी आवाजाच्या दिशेने हसून म्हटलं, "म्हणजे तो दिवस अगदीच फुकट नाही गेला."

एकशे बावन्न पायऱ्या. काका पुढे, काकूंचा हात त्यांच्या खांद्यावर. प्रत्येक वळणावर काका पायरी मोजून सांगत होते. वर पोचल्यावर वाऱ्याने दोघांचे केस उडाले. गॅलरीचा कठडा काकूंच्या हाताखाली देऊन काका सांगायला लागले. डावीकडे बंदर, त्यात पाच नावा, एकीचं शीड तांबडं. कमानींची दुकानं. ते मत्स्यालयाचं छप्पर. त्यांनी इतकं नीट कधीच काही वाचून दाखवलं नव्हतं. काकू ऐकत होत्या. मग त्यांनी हळूच तोंड समुद्राकडे फिरवलं.

"हां, तिकडेच समुद्र आहे," काका म्हणाले. "निळा नाही आज, जरा राखी आहे."

"समुद्र नाही हो बघत," काकू म्हणाल्या. "तुम्हाला बघतेय. सरळ बघितलं की तुम्ही नाहीसे होता."

काका पुढच्या नावेबद्दल सांगणार होते, ते राहून गेलं. फोटोला उभं राहावं तसे ते तिच्या शेजारी, जराही न हलता, उभे राहिले.